नदीच्या अलीकडची राकिया

स्तामेंका लग्न होऊन द्रेनोवात आली ती नदीपल्याडून. पूल ओलांडायला चार मिनिटं लागत, पण गावातल्या बायका पुढची पंधरा-वीस वर्षं तिला 'ती पल्याडची' असंच म्हणत राहिल्या. तिच्या वडिलांचं बूट शिवायचं दुकान होतं आणि घरामागे आलुबुखाराचं एकही झाड नव्हतं. द्रेनोवाच्या नजरेत असं घर म्हणजे उघड्यावर पडलेलंच. सासू शेजारणींना सांगायची, "पोरगी कामाची आहे, पण हिच्या माहेरी आल्या-गेल्याला काय देतात कुणास ठाऊक. पाणी पाजत असतील."

लग्नानंतर एकोणीस वर्षं ती तालुक्याच्या गावी मुरांब्याच्या कारखान्यात होती. पहाटेच्या बसनं जायची, दुपारी परत. तिथे मोठमोठ्या कढयांत आलुबुखार आटत असत, आणि कुठली कढई तळाशी धरायला लागली आहे हे स्तामेंकाला दारातूनच कळे. मुकादम तिला हाक मारून म्हणायचा, "ये गं, जरा फेरी मार." ती कढयांमधून चालत जायची आणि एका ठिकाणी थांबून म्हणायची, "ही." बाकी काही नाही. पुढे कारखाना बंद पडला. द्रेनोवात तिला त्या नाकाबद्दल कुणी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. गावात नाक एकाचंच होतं, तिच्या नवऱ्याचं.

ओब्राद गावाची भट्टी चालवायचा. तांब्याचा हंडा त्याच्या आजोबांचा. आलुबुखार झडून पिंपांमध्ये आंबले की ऑक्टोबरात घराघरांच्या पाळ्या लागत. लोक आपापला आंबलेला लगदा घेऊन त्याच्या छपराखाली येत आणि त्याची दारू, राकिया, घेऊन जात. हंडा काय, कुणीही पेटवेल. खरं काम धार ओळखायचं. नळीतून आधी येते ती पहिली धार प्यायची नसते. तिला गोंदासारखा वास येतो, ती डोकं धरते, पोट बिघडवते. ती वेगळ्या बाटलीत काढायची आणि दुखऱ्या गुडघ्यांना चोळायची. मग येते ती मधली, खरी. आणि शेवटची धार पुन्हा टाकाऊ, ओल्या फडक्याच्या वासाची. एक धार कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते ओब्राद तळव्यावर चार थेंब घेऊन, हात चोळून, नाकाशी नेऊन सांगायचा. वास घेताना त्याचे डोळे मिटत. तो "आता" म्हणाला की भांडं बदलायचं. ह्या एका शब्दावर सगळं गाव वर्षभर पीत असे.

घराण्याच्या संताचा दिवस, त्यांची स्लावा, नोव्हेंबरात जुर्जिचच्या सणाला येते. स्लावेला कुणाला बोलावायचं नसतं; ज्याला यायचं तो येतो, आणि यजमान दिवसभर बसत नाही, उभ्यानं वाढतो. त्या वर्षी ओब्रादची बहीण आणि मेव्हणा मोमिर व्हिएन्नाहून आले आणि मोमिरनं टेबलावर व्हिस्कीची बाटली ठेवली. चौकोनी, जाड बुडाची. ओब्राद राकियाचं तबक घेऊन उभा, आणि पाहुणे एकेक करून म्हणतायत, "थांब रे, आधी ही बघू कशी आहे."

तबक पुरं एक फेरी मारून तसंच भरलेलं परत आलं, तेव्हा ओब्रादनं ते खाली ठेवलं.

"ऐका सगळे," तो म्हणाला. "ह्या जुर्जिचपासून पुढच्या जुर्जिचपर्यंत ह्या घरात नदीच्या अलीकडे बनलेलंच प्यायलं जाईल. पल्याडचा एक थेंबसुद्धा उंबरा ओलांडणार नाही."

"मग मी आज रात्रीच माहेरी जाते," स्वयंपाकघरातून स्तामेंका म्हणाली. "मी पण पल्याडचीच."

सगळे हसले. ओब्राद हसला नाही.

पण चारचौघांत बोललेला शब्द, तो पाळणं भाग होतं. मुलगा नेनाद सुट्टीला येताना बिअर घेऊन आला तर ओब्रादनं त्याला फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभं करून ती संपवायला लावली. येणारे-जाणारे विचारत, "काय रे नेनाद, बापानं घराबाहेर काढलं?" स्तामेंका केकमध्ये रमचे चार थेंब घालायची, त्यावर घरात तीन दिवस वाद झाला, शेवटी तिनं आपली राकिया घातली आणि केक खाऊन नेनादच्या सासूला, विहीणबाईंना, झोप लागली. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी प्रसादाच्या दारूचा चमचा पुढे करून डोळे मिचकावले, "ओब्राद, ही दारू दक्षिणेकडची आहे बरं. चालेल ना?"

"चर्चच्या आत नदी नाही, बुवा," ओब्राद म्हणाला आणि तोंड उघडलं.

फेब्रुवारीत त्याला ताप आला. दोन आठवडे अंथरुणावर होता. उठला तो बारीक होऊन, आणि जरा गप्प. स्तामेंकाला वाटलं, अशक्तपणा आहे, उन्हाळा आला की जाईल.

एप्रिलमधली गोष्ट. ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि तिला घेवडा करपल्याचा वास आला. ती धावत आत गेली. चुलीपासून दोन हातांवर ओब्राद सुरीला धार लावत बसला होता.

"अरे, घेवडा जळला! तू इथंच बसलायस ना?"

"अं? हो... म्हटलं, तू येतच असशील."

दोन दिवसांनी ती कोंबड्यांना दाणे घालून परत येत होती, आणि खिडकीतून तिला दिसलं की ओब्राद फळीपाशी उभा आहे. त्यानं कॉफीचा डबा उघडला आणि नाकाशी धरला. मग व्हिनेगरची बाटली. मग राकियाची. मग खाली वाकून रॉकेलचा कॅन उघडला आणि त्यात जवळजवळ तोंडच घातलं. मग सगळी झाकणं नीट लावून ठेवली आणि दोन्ही हात फळीवर टेकून तसाच उभा राहिला.

स्तामेंका चार पावलं मागे गेली, आणि बूट आपटत, कोंबड्यांना शिव्या देत पुन्हा आली. ती आत आली तोवर तो बाकावर बसून पेपर वाचत होता.

पस्तीस वर्षांत तिला एवढं कळलं होतं की ओब्रादनं झाकून ठेवलेलं आपण उघडायचं नाही. उघडलं की तो उठून बाहेर जातो आणि मग महिनाभर तो घरात असतो, पण नसतो. ती वाट बघत राहिली. मे गेला, जून गेला. आलुबुखारांना रंग चढला. तो सांगेना. रोज संध्याकाळी ठरलेला एक पेला प्यायचा, ओठ पुसायचा आणि म्हणायचा, "चांगली आहे." पूर्वी तो असं कधी म्हणत नसे. पूर्वी म्हणायचा, "यंदा बिया जास्त राहिल्या," नाहीतर "पिंप नीट धुतलं नव्हतंस."

तिला झोप लागेना. ऑक्टोबरात एकतर तो गावाला सांगेल की मला आता वास येत नाही, आणि ते छप्पर, तो हंडा, ते 'आता', सगळं दुसऱ्या कुणाच्या दारात जाईल. मग हा माणूस सकाळी उठून काय करेल? किंवा तो सांगणार नाही, आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात गोंदाच्या वासाची राकिया वाढली जाईल. ह्या दोन्ही गोष्टी तिला बघवणार नव्हत्या.

पहिली पाळी शेजारच्या ल्युबिसावची होती. हंड्याचं झाकण कणकेनं लिंपलं, खाली जाळ घातला. ल्युबिसाव, मिलेंतिये आणि आणखी दोघे ओंडक्यांवर बसले, राखेत बटाटे पुरले. स्तामेंका नेहमी मांस आणि पाव आणून द्यायची आणि घरी जायची. त्या दिवशी ती स्टूल घेऊन आली आणि विणकाम काढून ओब्रादच्या बाजूला बसली.

"वहिनी, तू कशाला ह्या धुरात?" ल्युबिसाव म्हणाला.

"घरी कोण आहे? भिंतीच ना?"

नळीतून थेंब पडायला लागले. ओब्रादनं तळव्यावर घेतले, हात चोळले, नाकाशी नेले. सगळं अगदी पूर्वीसारखं. फक्त डोळे उघडे होते. ते छपराच्या आढ्यावर खिळलेले होते, आणि स्तामेंकानं तिच्या माणसाला एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाळंतपणात ती मरायला टेकली होती तेव्हाही नाही.

"दाखव इकडे," ती म्हणाली. "भाजलं ना परत? सांगून ऐकशील तर शपथ." आणि तिनं त्याचा हात ओढून घेतला, उलटासुलटा करत तोंडाजवळ आणला. गोंद. कडक, डोळ्यांत पाणी आणणारा गोंद. ती हात सोडेना. दुसऱ्या हाताच्या बोटानं तिनं नळीखालचे थेंब घेतले, त्याच्या तळव्यावर पुसले, पुन्हा फुंकर घातल्यासारखं करून वास घेतला. अजून गोंद. अजून. आणि मग एकदम, कारखान्याच्या दारात उभं राहिल्यावर यायचा तसा, फळाचा.

तिनं हात सोडला.

ओब्रादनं तिच्याकडे बघितलं. क्षणभरच. मग म्हणाला, "आता." आणि भांडं बदललं.

त्यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. हात धरलेला असला की थांबायचं, सोडला की भांडं बदलायचं. तिसाहून जास्त घरांचा लगदा त्या ऑक्टोबरात असाच चढला आणि उतरला. लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा त्यानं तिचा हात एवढा वेळ धरला नसेल. त्याच्या तळव्याला करवतीनं कापल्याची जुनी खूण होती, ती तिला तेव्हा नव्यानं सापडली.

चौथ्या दिवशी ल्युबिसावला राहवेना. "काय रे शेजाऱ्या, पस्तीस वर्षं झाली, आणि आत्ता सुचलं हात धरायचं?"

"तेव्हा वेळ नव्हता," ओब्राद म्हणाला.

भट्टीवाल्याची स्वतःची पाळी सगळ्यांत शेवटी असते. त्यांची आली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्याच्या दोन दिवस आधी स्तामेंकाला सर्दी झाली. साधी नाही, डोकं भरून टाकणारी. तिनं वाफ घेतली, लसूण चघळला, किसलेला मुळा नाकाशी धरून रडली. रात्री कांदे कापून मोज्यांत घालून झोपली.

"स्वयंपाक करतेयस की सर्दी घालवतेयस?" ओब्रादनं विचारलं, पण त्याचा आवाज हसण्याचा नव्हता.

"थांबूया का दोन-चार दिवस?"

"लगदा थांबणार नाही. आंबट व्हायला लागलाय." तो जरा थांबला. "आणि स्लावेला दहा दिवस राहिले. घरात गेल्या वर्षीच्या दोन बाटल्यासुद्धा नाहीत."

नसणारच. वर्षभर पल्याडचं काही नाही म्हटल्यावर ज्यानं त्यानं घरचीच ढोसली होती.

शेवटच्या पाळीला सगळे जमतात तसे जमले. मेंढीचं मांस निखाऱ्यांवर होतं, बाहेर पाऊस. थेंब पडायला लागले. स्तामेंकानं ओब्रादचा हात घेतला, नाकाशी नेला, आणि तिला काहीच आलं नाही. गोंद नाही, फळ नाही, धूर नाही. तिनं हात धरून ठेवला. छोटी बाटली भरली. ओब्रादनं दुसरं भांडं लावलं. तेही पहिल्या धारेतच जायचं होतं. ती हात धरूनच होती. तेही भरत आलं.

"ओब्राद," मिलेंतिये म्हणाला, "पहिली धार किती काढतोस? सगळ्या गावाचे गुडघे चोळायचेत का?"

ओब्राद तिच्याकडे वळला. "स्तामेंका?" तो हळूच म्हणाला. सगळ्या महिन्यात पहिल्यांदाच त्यानं विचारलं होतं.

"मला येत नाहीये," ती म्हणाली.

"काय येत नाहीये?" ल्युबिसाव.

स्तामेंका काहीतरी थाप शोधत होती. भाजल्याची, चक्कर आल्याची, कसलीही. तेवढ्यात ओब्रादच बोलला.

"वास. तिला सर्दी झालीय. आणि माझं नाक फेब्रुवारीतच मेलं."

नळी तेवढी ठिबकत होती.

"म्हणजे?"

"म्हणजे यंदा तुमची सगळ्यांची राकिया हिनं काढली. मी नुसती भांडी बदलली."

"माझी पण?" मिलेंतियेनं विचारलं.

"तुझी पण."

"माझ्या पोरीच्या लग्नाची?"

"ती पण."

"आणि सांगितलं नाहीस."

"नाही."

मिलेंतियेनं टोपी उचलली, झटकली आणि कुणाकडे न बघता पावसात निघून गेला. बाकीचे थोड्या वेळानं गेले, घरी काम आहे म्हणून. ल्युबिसाव बसून राहिला. मांस शिजायचं होतं म्हणून असेल. मग तो उठला, नळीखाली हात धरला, चोळला आणि हुंगला.

"काय येतंय?" ओब्रादनं विचारलं.

"राकियाचा वास येतोय."

"अरे, गोंदाचा की फळाचा?"

"मला काय विचारतोस? मी आयुष्यभर प्यायलो. वास कुणी घेतलाय!"

स्तामेंका हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि सर्दीत ते दोन्ही एकच वाटलं. शेवटी ल्युबिसावनं डोळे घट्ट मिटून, देवाचं नाव घेऊन "आता" म्हटलं. उशीरच झाला होता. चाळीस लिटरच्या जागी चौदा हाती लागली.

चार दिवसांनी नाक मोकळं झालं तेव्हा तिनं दोन्ही धारा हुंगून पाहिल्या. चौदा लिटर स्वच्छ होती, बाधणारी नव्हती, पण पातळ. सगळा जीव गोंदाच्या धारेत मिसळून गुडघ्यांच्या बाटल्यांत जाऊन बसला होता, आणि तिथून तो आता निघणार नव्हता. तिनं ओब्रादला तसं सांगितलं.

"गुडघ्यांची चैन आहे मग," तो म्हणाला आणि लाकडं फोडायला गेला. ती खिडकीतून बघत राहिली. तो एकेक ओंडका फोडत होता, आणि मध्येच थांबून, हात नाकाशी नेऊन, पुन्हा खाली घेत होता. सवय जात नसावी.

जुर्जिचला सकाळी पाद्रीबुवा आले, मेणबत्ती लागली, पवित्र पाव कापून त्यावर दारू ओतली. ती त्यांच्या मांडवावरच्या द्राक्षांची होती, ओब्रादनंच केलेली, आणि इतकी आंबट की बुवांनी पावाचं चुंबन घेताना तोंड वाकडं केलं. बारा वाजेपर्यंत अर्धं टेबल रिकामं होतं. स्लावेला जो येत नाही, त्याला काहीतरी म्हणायचं असतं. मोमिर आला होता, ह्या वेळी नुसती चॉकलेटं घेऊन. त्यांच्यात दारू भरलेली आहे हे कळल्यावर ओब्रादनं तो डबा नेऊन फाटकाच्या खांबावर ठेवला. ल्युबिसाव बायकोसह आला, आल्या आल्या म्हणाला, "माझ्या नाकाची कुठली? ती द्या." ओब्राद उभ्यानं वाढत होता, हसत होता, आणि दर वेळी फाटक वाजलं की त्याचं तबक किंचित हलत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून स्तामेंकाला पेल्यांचं किणकिणणं ऐकू येई.

दोन वाजता मिलेंतिये आला. बसला नाही. क्रूसाची खूण केली, पेला घेतला, एका घोटात संपवला आणि तबकात ठेवला. मग ओब्रादच्या बाजूनं, त्याच्याकडे न बघता, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"वहिनी."

"ये, मिलेंतिये. कोबीचे गुंडाळे वाढते."

"नंतर. माझ्या जावयाला ती राकिया फार आवडली. विचारत होता कुणी काढली. मी ओब्रादचं नाव सांगितलं. खोटं बोललो."

स्तामेंकाच्या हातात पळी तशीच राहिली.

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी माझी पाळी लवकर लाव. आणि सर्दीबिर्दी करून घेऊ नकोस." एवढं बोलून तो वळला, टेबलाशी गेला आणि खुर्ची ओढून बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मिलेंतियेनं विचारलं होतं ते तिला, ओब्रादला नाही, आणि ओब्राद तिथंच तबक घेऊन उभा होता. स्तामेंकाला त्याच्याकडे बघण्याचं धाडस होईना. तिनं बघितलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं तबक टेबलावर टेकवलं, मिलेंतियेचा पेला पुन्हा भरला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"पाळ्या आता तिला विचारूनच लागतील," तो सगळ्यांना म्हणाला. "हंडा मीच पेटवीन. लाकडं तिला जड होतात."

"आणि हात?" ल्युबिसावनं विचारलं. "हात कोण धरणार?"

"तुझं तोंड कोण धरणार ते बघ आधी," ल्युबिसावची बायको म्हणाली, आणि पेले पुन्हा फिरायला लागले.

थोड्या वेळानं ओब्राद दोन पेले घेऊन स्वयंपाकघरात आला आणि पायानं दार लोटलं. स्तामेंका ताटं विसळत होती.

"तू प्यायलीस का सकाळपासून?"

"मला वेळ कुठंय."

"घे." त्यानं पेला तिच्या ओल्या हातात दिला. "पिऊ नकोस लगेच. वास घे. आणि मला सांग."

"काय सांगू?"

"काय येतंय ते."

तिला असं काही बोलायची सवय नव्हती. कारखान्यात ती फक्त 'ही' म्हणायची. तिनं पेला नाकाशी धरला. ओब्राद आपला पेला ओठांजवळ धरून थांबला होता.

"आधी आलुबुखाराच्या बीचा," ती म्हणाली. "दाताखाली फोडलेली, कडू. मग... तुझ्या आईच्या कपाटात बेदाण्यांची पिशवी असायची, कपाट उघडलं की यायचा, तसा. मागे थोडा धूर. आणि पाऊस पडून गेल्यावर त्या वरच्या रानात, दगडावर ऊन येतं ना..."

ओब्रादनं डोळे मिटले आणि एक घोट घेतला. बाहेरून कुणीतरी पाव मागत होतं.

"येतेय!" ती ओरडली, पण हलली नाही.

"आणखी?" त्यानं विचारलं.

"आणखी काही नाही. जरा पातळ झालीय."

"ते मला कळलं," ओब्राद म्हणाला. "जीभ आहे ना अजून."